पंधरा हजारात रायडिंग गियर, आणि त्याआधी सोलवटलेला तळहात

गाडी घेऊन बरोबर अकरा दिवस झाले होते. रात्री साडेनऊच्या सुमारास पुण्यात, वारज्यात आमच्याच गल्लीत मेडिकलमधून परत येत होते, स्पीड असेल वीस-पंचवीस, कोपऱ्यावर बिल्डिंगचं काम चालू आहे तिथे रस्त्यावर कच सांडलेली होती, ती मला दिसली पण दिसल्यावर जे करायचं नसतं तेच मी केलं, वळणात पुढचा ब्रेक दाबला. पुढचं चाक सटकन गेलं आणि मी उजव्या बाजूला आपटले. डोक्यावर भावाचं जुनं हाफ हेल्मेट होतं, डोकं कुठे लागलंच नाही. लागला तो हात. पडताना माणूस हात पुढे टाकतोच, ते आपल्या हातात नसतं, आणि तळहाताचा मनगटाकडचा जो मांसल भाग असतो तो खडबडीत सिमेंटवर दोन-तीन फूट घासत गेला.

जवळच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी आधी सलाईनने धुतलं आणि मग गॉजने घासून कचीचे कण काढायला घेतले. काळे बारीक कण, काही कातडीच्या आत गेलेले. ते आत राहिले तर डाग कायमचा राहतो आणि पू होतो म्हणून घासावंच लागतं असं ते सांगत होते, मी दुसऱ्या हाताने टेबलाची कड धरून बसले होते. पुढचे बारा दिवस डाव्या हाताने जेवले. वरण-भात चमच्याने खाता येतो, पण भाकरी एका हाताने तुटत नाही. वेणी रूममेट घालून द्यायची. माऊस डाव्या हाताने. बाटलीचं झाकण उघडायला दरवेळी कोणालातरी सांगायचं.

आणि हे सगळं वीसच्या स्पीडला, घरापासून दोनशे मीटरवर. त्या बारा दिवसांत मी गियरबद्दल, म्हणजे हेल्मेट, ग्लव्ह्ज, जॅकेट अशा अंगावर घालायच्या गोष्टींबद्दल, जेवढं वाचलं, विचारलं, पाहिलं तेवढं गाडी घ्यायच्या आधी एक टक्काही पाहिलं नव्हतं. म्हणून हे लिहितेय. ज्यांचा पगार माझ्यासारखा आहे, पहिलीच गाडी आहे, आणि यूट्यूबवर रायडर लोकांचं पन्नास-साठ हजाराचं गियर बघून "आपल्याला हे जमणार नाही, जाऊ दे" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी.

आधी पैशाचं सांगते. सेकंडहँड अपाची १६० मला ७२ हजाराला पडली, मग ट्रान्सफर, इन्शुरन्स, टायर, सर्व्हिसिंग, चेन सेट असे करत अजून चौदा-पंधरा गेले. गाडीचं बजेट मी तीन महिने वहीत मांडत होते, त्या वहीत हेल्मेटची ओळसुद्धा नव्हती. चूक तिथे झाली. गाडी ठरवतानाच गियरचे पैसे बाजूला काढायला हवे होते, पाच हजाराने स्वस्त गाडी घेतली असती तरी चाललं असतं. आता हातात पंधरा हजार होते, तेही दोन महिन्यांत मिळून. मग प्रश्न हाच की आधी काय घ्यायचं.

हेल्मेट पहिलं, यात वादच नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा २०२२ चा अहवाल आहे त्यात एक आकडा आहे, त्या एका वर्षात देशात हेल्मेट न घातलेली ५०,०२९ माणसं दुचाकीच्या अपघातांत गेली. त्यातली १४,३३७ मागे बसलेली. हा दुसरा आकडा मी विसरू शकत नाही, त्याच्याकडे नंतर येते.

हेल्मेट घ्यायला मी आधी नाना पेठेत गेले, स्पेअर पार्टसाठी सगळे तिथेच जातात म्हणून, आणि मग दोन गियरच्या दुकानांत. तीन गोष्टी शिकले. एक म्हणजे स्टिकरवर विश्वास ठेवायचा नाही, स्टिकर काय म्हणतो ते समजून घ्यायचं. आयएसआय म्हणजे आपलं आयएस ४१५१, हेल्मेटचं भारतीय मानक, १ जून २०२१ पासून ते नसलेलं हेल्मेट आपल्याकडे बनवायला किंवा विकायला परवानगीच नाही. रस्त्याच्या कडेला दोरीवर लटकवलेली तीनशे-चारशेची जी असतात त्यातली कितीतरी आतून नुसता पातळ स्पंज असतो, दाबून बघा, बोट थेट प्लास्टिकला लागतं. डॉट हे अमेरिकेचं, त्यात कंपनी स्वतःच जाहीर करते की आमचं हेल्मेट नियमात बसतं, विकायच्या आधी कोणी सरकारी माणूस तपासत नाही, म्हणजे नामांकित कंपनीच्या हेल्मेटवर त्याला अर्थ आहे आणि फुटपाथवरच्या हेल्मेटवर शून्य. ईसीई हे युरोपचं, त्यात आधी लॅबमध्ये टेस्ट होते मगच मंजुरी, आणि त्याची खूण मागे चिकटवलेल्या स्टिकरवर नाही तर हनुवटीच्या पट्ट्याला शिवलेल्या छोट्या कापडी लेबलवर बघायची, गोलात ई आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा नंबर. २२.०६ ही त्यातली नवीन आवृत्ती. आयएसआय आणि ईसीई दोन्ही असलेली हेल्मेटं आता चार-पाच हजारात मिळतात, एसएमके म्हणजे स्टड्सचाच ब्रँड आणि अ‍ॅक्सर म्हणजे वेगाचा. तेवढं बजेट नसेल तर स्टड्स, स्टीलबर्ड, वेगा यांचं साधं आयएसआय फुल फेस, म्हणजे हनुवटीही झाकणारं, दीड-दोन हजारात येतं आणि ते नीट मापाचं असेल तर डोळे झाकून घ्या. मापाचं साधं हेल्मेट हे सैल महागड्या हेल्मेटपेक्षा कधीही चांगलं.

दुसरी गोष्ट म्हणजे हेच माप. कपड्याची टेप घ्या, भुवयांच्या बोटभर वरून आणि मागे डोक्याचा जो सगळ्यात फुगीर भाग आहे तिथून फिरवा. माझं साडेपंचावन्न सेंटिमीटर आलं म्हणजे एस. दुकानदार म्हणाला, "ताई, एम घ्या, एस घट्ट होतंय तुम्हाला." घट्टच हवं असतं! गालाचे पॅड नवीन असताना गाल असे दाबले गेले पाहिजेत की चघळायला गेलं तर आतून गाल दाताखाली येतो. ते पॅड महिन्या-दोन महिन्यांत बसतात. पण कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर ते बसत नाही, तो डोक्याच्या आकाराचा प्रश्न आहे, कोणाचं डोकं गोल असतं कोणाचं लांबट, तिथे मॉडेलच बदलायचं. मी दुकानात वीस मिनिटं हेल्मेट घालून उभी होते, दुकानदाराला थोडं विचित्र वाटलं असेल पण त्यामुळेच कळलं की पहिलं निवडलेलं मला कपाळावर टोचतंय, काढल्यावर तिथे लाल वळ उमटला होता. पट्टा लावून हेल्मेट मागून धरून पुढे ओढून बघायचं, डोक्यावरून निघायला नको. आणि मुलींनो, वेणी खाली मानेशी घाला, पोनीटेल किंवा अंबाडा मागे असेल तर हेल्मेट वर उचललं जातं आणि केलेलं सगळं माप वाया.

तिसरी गोष्ट पैशाची आहे. एकाच मॉडेलमध्ये ग्राफिक्सवालं आणि एकरंगी असं दोन्ही असतं, आतून बाहेरून हेल्मेट तेच, किंमतीत मात्र सात-आठशे रुपयांचा फरक. मी प्लेन पांढरं घेतलं, ४,३५० ला. पांढरं रात्री दिसतं आणि उन्हात कमी तापतं. आतल्या लेबलवर बनवल्याचा महिना-वर्ष बघून घ्या, दुकानात तीन वर्षं पडून राहिलेलं नको. काळी काच घेऊ नका, रात्री काही दिसत नाही, काच पारदर्शकच हवी.

सेकंडहँड हेल्मेट मात्र कधीच नाही. आत जो थर्माकोलचा जाड थर असतो ना, खरं काम तो करतो, आपटल्यावर तो स्वतः चेपतो म्हणून मेंदूला धक्का कमी बसतो, आणि एकदा चेपला की परत फुगत नाही. बाहेरून हेल्मेट चकाचक दिसतं, आतला थर मेलेला असतो. आपण वापरलेलं नसेल तर त्याने काय सोसलंय ते कळायला मार्गच नाही. म्हणून भावाचं ते हाफ हेल्मेट मी कात्रीने पट्टा कापून टाकून दिलं, कोणीतरी उचलून वापरू नये म्हणून.

दुसरं ग्लव्ह्ज. इथे माझं आणि बऱ्याच जणांचं जमत नाही, ते म्हणतात हेल्मेटनंतर जॅकेट. जॅकेट महाग आहे, त्यासाठी तुम्ही चार महिने पैसे साठवत बसणार, आणि तोपर्यंत हात उघडे. ग्लव्ह्ज दोन हजारात येतात आणि गल्लीतल्या गल्लीत पडलात तरी कामाला येतात. दुकानात लोक मुठीवरचा कडक प्लास्टिकचा भाग बघतात कारण तो दिसतो. उलटं करून तळहात बघा! मनगटाकडच्या त्या मांसल भागावर, जिथे माझी साल निघाली बरोबर तिथे, कडक गुळगुळीत पट्टी असते, तिला पाम स्लायडर म्हणतात. ती असेल तर हात रस्त्यावर अडकत नाही, घसरत जातो. अडकला की सगळा जोर मनगटातल्या छोट्या हाडांवर येतो. आणि मनगटाला आवळणारा पट्टा हवाच, तो लावून दुसऱ्या माणसाला बोटं धरून जोरात ओढायला सांगा, ग्लव्ह हातातून निघालं तर पडताना पण निघणार. माझ्या मापाचं मिळायला चार दुकानं हिंडले, बायकांच्या हाताचं माप बहुतेक जण ठेवतच नाहीत, शेवटी पुरुषांच्या एक्सएसमध्ये एक जोडी बसली. २,१०० रुपये. बोटांची टोकं रिकामी राहत असतील तर घेऊ नका, ब्रेकच्या लिव्हरवर ती दुमडतात.

मग जॅकेट, आणि इथे मी सेकंडहँड घेतलं. ऑफिसमधला एक जण जाड झाला, त्याचं मेश, म्हणजे जाळीच्या कापडाचं, जॅकेट त्याला होईना, वर्षभर वापरलेलं, कधी न पडलेलं, ३,५०० ला दिलं. जॅकेटच्या बाबतीत सेकंडहँड चालतं कारण सगळं उघडून बघता येतं. शिवणी उलट्या करून बघितल्या, खांद्याची आणि कोपराची दुहेरी तिहेरी शिवण आहे का, कुठे धागा सुटलाय का, कापड कुठे चमकतंय का म्हणजे तिथे घासलं गेलंय. आतले आर्मर, म्हणजे खांद्या-कोपरावर धक्का झेलणारे पॅड, काढून वाकवून बघितले, कडक झालेत का, भेगा आहेत का. त्यावर कोरलेलं असतं, सीई ही युरोपची खूण, ईएन १६२१-१ हे तिथलं मानक, आणि लेव्हल १ का २. याचा अर्थ मला समजायला वेळ लागला म्हणून सांगते. लॅबमध्ये त्या आर्मरवर ५० जूलचा दणका देतात आणि खाली किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनच्या आत असेल तर लेव्हल १, २० च्या आत असेल तर लेव्हल २. म्हणजे एक आणि दोनमधला फरक थोडाथोडका नाही. पाठीचं वेगळं असतं, ईएन १६२१-२, तिथे १८ आणि ९.

आणि पाठीचं हे नक्की बघा. स्वस्त जॅकेटांमध्ये, आणि काही स्वस्त नसलेल्यांमध्येही, पाठीच्या खिशात नुसता फोमचा तुकडा असतो, उशीत असतो तसा. हातात घेतला की कळतं, वजनच नाही, कुठेही काही कोरलेलं नाही. तो नुसता आकार भरायला असतो. माझ्या जॅकेटमध्येही तोच निघाला, मग १,८०० ला लेव्हल २ चं पाठीचं आर्मर वेगळं घेतलं. घेताना तो फोम दुकानात सोबत न्या आणि त्याच मापाचं घ्या, नाहीतर खिशात मावत नाही.

पुरुषांचं जॅकेट मला खांद्यात बसलं पण बाह्या सैल, आणि बाही सैल असेल तर कोपराचं आर्मर पडताना फिरून बाजूला जातं, मग ते असून नसल्यासारखं. दंडाला आणि मनगटाच्या वर आवळायचे पट्टे असतात ते शेवटपर्यंत आवळले तरी फिरत होतं. शेवटी कराडला गेले तेव्हा आईने मशिनवर बाहीच्या आतल्या अस्तराला एक इलॅस्टिकची पट्टी लावून दिली, बाहेरच्या कापडाला सुई लावायची नाही हे मी तिला तीनदा सांगितलं. आता कोपर कितीही वाकवलं तरी आर्मर जागेवर. आई तेव्हा गाडीवर नाराज होती, हात बघून तर जास्तच, पण आर्मर हातात घेऊन, नखाने टोकरून, "हे चांगलं आहे गं" म्हणाली.

उन्हाळ्याचं विचारतात सगळे. एप्रिलमध्ये पुण्यात चाळीसला टेकतं आणि सिग्नलला उभं राहिलं की जॅकेटमध्ये भट्टी होते हे खरं आहे. म्हणून मेशच घ्या, काळं घेऊ नका, आणि आतला टीशर्ट ओला करून पिळून घाला, चालत्या गाडीवर वारा लागला की अर्धा तास गार वाटतं. चामड्याचं किंवा जाड टूरिंगचं जॅकेट दिसायला कितीही भारी असलं तरी आपल्या हवेत ते खुंटीवरच राहतं, आणि घरी खुंटीवर लटकलेल्या जॅकेटने रस्त्यावर काय होणार. पावसाळ्यात वरून साधा रेनसूट, चेनपासून लांब राहील असा, पायाशी रबर असलेला. पाऊस-थंडीत काचेवर धुकं धरतं, त्यासाठी पिनलॉक म्हणून आतून लावायची दुसरी काच असते, हेल्मेट घेताना त्याची सोय आहे का तेवढं बघून ठेवा, ती नंतर घेता येते. ताम्हिणीत किंवा वरंध्यात ढगात शिरल्यावर काच वर करून डोळ्यात पाऊस घेत चालवणं फार वाईट.

गुडघ्यांना पट्ट्याचे नीगार्ड घेतले, १,९०० चे, बिजागरीवाले, जीन्सच्या वरून बांधायचे. रायडिंग पँट पुढच्या वर्षी. साधी जीन्स जाड वाटते पण डांबरावर घासली की क्षणात फाटते, ती संरक्षण म्हणून धरूच नका. नीगार्ड वरून बांधलेले दिसतात, ऑफिसच्या पार्किंगमध्ये लोक बघतात, बघू देत. खालचा पट्टा पोटरीच्या जाड भागाच्या वर आवळायचा, खाली आवळला की दहा मिनिटांत अख्खं गार्ड घसरून नडगीवर येतं.

बुटांचं बजेट संपलं होतं. खरे रायडिंग बूट साडेचार-पाच हजारापासून पुढे. मी कारखान्यात घालतात ते घोट्याच्या वरपर्यंतचे सेफ्टी शूज घेतले, आयएस १५२९८ चे, १,५०० ला. घोटा झाकला जातो, टाच पक्की आहे, तेलावर पाय घसरत नाही. पण पुढे लोखंडी टोपी असल्याने गियर वर उचलताना पायाला लिव्हर जाणवत नाही, सवय व्हायला आठवडा लागला, मोकळ्या मैदानावर सराव करूनच रस्त्यावर आले. रायडिंग बुटांमध्ये घोट्याला दोन्ही बाजूंनी जे कडक आवरण असतं ते यात नाही, हे माहिती असून घेतलेत. नाड्या आत खोचायच्या, मोकळी नाडी फूटपेगला, म्हणजे पाय ठेवायच्या दांडीला, अडकते. चपलेवर किंवा फ्लोटर्सवर चालवण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं, आणि मी पडले तेव्हा पायात स्लिपर होती, करंगळीचं नख गेलं ते अजून नीट आलेलं नाही.

सगळं मिळून १५,१५० झाले. कुठलीही वस्तू सगळ्यात भारी नाही, पण प्रत्येक वस्तू मी रोज घालते, दूध आणायला जातानाही हेल्मेट आणि ग्लव्ह्ज, ऑफिसला सगळंच.

पुण्यात हेल्मेटबद्दल बोललं की वाद होतात, १ जानेवारी २०१९ पासून पोलिसांनी सक्तीने कारवाई सुरू केली तेव्हा विरोधात मोर्चेसुद्धा निघाले होते. शहरात स्पीडच नसतो, मान दुखते, ऐकू येत नाही, हे मी ऑफिसात आजही ऐकते. माझ्याकडे त्याला एकच उत्तर आहे, तळहातावरचा डाग. वीसच्या स्पीडला सिमेंटने हाताचं हे केलं, तिथे कपाळ असतं तर.

आणि तो मागे बसणाऱ्यांचा आकडा, १४,३३७. कायद्यात मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ प्रमाणे मागच्यालाही हेल्मेट लागतंच, पण आपल्याकडे मागे बसणारा म्हणजे कोण असतं, बायको, आई, बहीण, मैत्रीण, आणि घरात एकच हेल्मेट. माझ्यामागे रूममेट बसते. या महिन्यात दुसरं हेल्मेट घेतलं, तिच्या मापाचं, १,६५० चं साधं फुल फेस. ते नसेल तर ती रिक्षाने येते, हे आमचं ठरलंय.

आता पुढच्या महिन्यात आई येतेय, कराडहून एसटीने स्वारगेटला. मी म्हटलं रिक्षा करते, तर म्हणाली कशाला, तू आहेस ना गाडी घेऊन. म्हणून तिला फोनवर सांगितलं की डोक्याचं माप घेऊन पाठव, भुवयांच्या बोटभर वरून टेप फिरव. काल रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, "५४. अंबाडा सोडून मोजलंय."